मोलची गणितं: आकडा बरोबर, पण कशाचा?

९.८ ग्रॅम सल्फ्युरिक आम्लात ऑक्सिजनचे अणू किती?

नववी-अकरावीच्या वह्यांमध्ये या प्रश्नाचं सर्वांत जास्त वेळा सापडणारं उत्तर ६.०२२ × १०²² असं असतं. गुणाकार-भागाकारात कुठेही चूक नसते. रेणुवस्तुमान ९८ बरोबर काढलेलं असतं, ९.८ ला ९८ ने भागून ०.१ मोल बरोबर आलेला असतो, त्याला अ‍ॅव्होगॅड्रो अंकाने (६.०२२ × १०²³) गुणलेलंही बरोबर असतं. फक्त जे मोजलं ते सल्फ्युरिक आम्लाचे रेणू आहेत, आणि विचारले होते ऑक्सिजनचे अणू. एका रेणूत ऑक्सिजनचे ४ अणू, म्हणून उत्तर चौपट: २.४०९ × १०²³.

मोलच्या गणितात मार्क जातात ते बहुतेक असेच. आकडा बरोबर असतो, पण तो कशाचा हे लिहिलेलं नसतं. म्हणून एक सवय अगदी हट्टाने लावून घ्यावी: वहीत नुसतं ‘०.१ मोल’ कधीही लिहायचं नाही. ‘०.१ मोल सल्फ्युरिक आम्ल’, ‘०.४ मोल ऑक्सिजन अणू’, ‘०.२ मोल हायड्रोजन अणू’ असं पूर्ण लिहायचं. हात दुखतो, वेळ जातो, हे खरं. पण पुढची प्रत्येक युक्ती या एका सवयीवर उभी आहे.

मोल म्हणजे नेमकं काय

नागपूरच्या इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानात पाव किलो खिळे मागितले, तर दुकानदार ते मोजत बसत नाही, तागडीत टाकतो. एका खिळ्याचं वजन माहीत असेल, तर पाव किलोत खिळे किती ते घरी बसून काढता येतं. रसायनशास्त्रात हेच करायचं असतं. अणू-रेणू मोजता येत नाहीत, वजन करता येतं. आणि अभिक्रिया मात्र वजनाने नाही, संख्येने होते. वजनावरून संख्येकडे जाण्यासाठी ठरवलेला गठ्ठा म्हणजे मोल. एका गठ्ठ्यात ६.०२२ × १०²³ कण. ते अणू असोत, रेणू असोत, आयन असोत की इलेक्ट्रॉन.

हाच विचित्र आकडा का? कारण तो घेतला की अणुवस्तुमानाचा आकडा तसाच्या तसा ग्रॅममध्ये वापरता येतो. कार्बनचा एक अणू १२ डाल्टनचा (डाल्टन हे अणुवस्तुमानाचं एकक), तर कार्बन अणूंचा एक मोल १२ ग्रॅमचा. पाण्याचा एक रेणू १८ डाल्टनचा, तर पाण्याचा एक मोल १८ ग्रॅमचा. ही सोय व्हावी म्हणूनच गठ्ठा एवढा धरला आहे. जुनी व्याख्या तर थेट ‘१२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके कण’ अशीच होती. २० मे २०१९ पासून व्याख्या उलटी फिरली: आता ६.०२२१४०७६ × १०²³ हा आकडाच पक्का धरलेला आहे. शाळेच्या गणितांना त्याने काहीच फरक पडत नाही.

ज्याचं नाव या आकड्याला आहे, त्या अ‍ॅव्होगॅड्रोला हा आकडा कधीच माहीत नव्हता. त्याने १८११ मध्ये एवढंच मांडलं, की समान तापमान आणि दाबाला समान आकारमानाच्या वायूंमध्ये रेणूंची संख्या समान असते. तो १८५६ मध्ये वारला. आकड्याचा पहिला अंदाज लोश्मिटच्या १८६५ च्या कामातून निघाला, आणि अ‍ॅव्होगॅड्रोचं नाव जोडलं ते पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १९०९ मध्ये.

रेणुवस्तुमानातच घात होतो

सूत्रं वहीत चिन्हांत लिहून घ्या, मग पुढे वाचा. कंस आला की दोन अणुवस्तुमानांऐवजी एकच दुप्पट होण्याचा धोका असतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये कंसाबाहेरचा २ हा ऑक्सिजन आणि हायड्रोजन दोघांनाही लागू: ४० + २ × (१६ + १) = ७४. वहीत ५८ आलं असेल, तर २ फक्त हायड्रोजनला लावलाय. अ‍ॅल्युमिनियम सल्फेटमध्ये ३ अख्ख्या सल्फेटला: २ × २७ + ३ × (३२ + ६४) = ५४ + २८८ = ३४२.

दुसरी अडचण स्फटिकजलाची, म्हणजे स्फटिकात बांधलेल्या पाण्याची. धुण्याच्या सोड्याच्या सूत्रात मध्ये टिंब असतं आणि पुढे १० पाणी. गणितात टिंब म्हणजे गुणाकार, म्हणून सोडियम कार्बोनेटच्या १०६ ला पाण्याच्या १८० ने गुणलेलंही पाहायला मिळतं. रसायनशास्त्रात ते टिंब म्हणजे ‘सोबत’. म्हणून बेरीज: १०६ + १८० = २८६. मोरचूद, म्हणजे स्फटिकी कॉपर सल्फेट: ६३.५ + ३२ + ६४ + ५ × १८ = २४९.५. तेच परीक्षानळीत तापवून पांढरं पडलं, पाणी उडालं, की १५९.५. प्रश्नात ‘निर्जल’ शब्द आहे की नाही हे पाहिल्याशिवाय बेरीज सुरू करू नये.

तिसरी गोष्ट वायूंची. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरिन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही सात मूलद्रव्यं मोकळी असताना जोडीने राहतात. १४ ग्रॅम नायट्रोजन वायू म्हणजे अर्धा मोल नायट्रोजन रेणू, आणि त्याच वेळी एक मोल नायट्रोजन अणू. दोन्ही खरं आहे. प्रश्नात कोणतं विचारलंय त्यावर उत्तर. इथे पुन्हा ‘कशाचे?’ हाच प्रश्न.

ग्रॅम, संख्या, लिटर

गणितात माहिती तीन-चार रूपांत येते. ग्रॅम दिले असतील तर मोलर वस्तुमानाने, म्हणजे एका मोलच्या ग्रॅममधल्या वस्तुमानाने भागा. कणांची संख्या दिली असेल तर ६.०२२ × १०²³ ने भागा. प्रमाण तापमान-दाबाला वायूचे लिटर दिले असतील तर २२.४ ने भागा. द्रावण असेल तर मोलारिटीला (एक लिटर द्रावणातल्या मोलना) लिटरमधल्या आकारमानाने गुणा. चारही ठिकाणी हाती येतात ते मोल. उत्तर ज्या रूपात हवं त्यासाठी उलटी क्रिया.

बऱ्याच क्लासमध्ये यासाठी त्रिकोण शिकवतात: वर वस्तुमान, खाली मोल आणि मोलर वस्तुमान, हवं ते बोटाने झाका. त्याने एका ओळीचं गणित सुटतं, पण मुलं त्रिकोण पाठ करतात आणि एकक पाहणं सोडून देतात. त्यापेक्षा एकक लिहा. ‘ग्रॅम’ला ‘ग्रॅम प्रति मोल’ने भागलं तर ‘मोल’ उरतो. चुकून गुणलं तर ‘ग्रॅम वर्ग प्रति मोल’ असलं काहीतरी येतं आणि चूक स्वतःच ओरडून सांगते.

समीकरणातले आकडे ग्रॅम नसतात

संतुलित समीकरणातल्या पदार्थांच्या आधीचे आकडे मोल सांगतात, वस्तुमान नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी परीक्षेत विसरलं जातं.

नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री, गुमगाव इथे मँगनीजच्या खाणी आहेत, मँगनीज काढणाऱ्या मॉयल या सरकारी कंपनीचं मुख्यालयही नागपुरातच. तेव्हा उदाहरण मँगनीज डायऑक्साइडचंच घेऊ. प्रयोगशाळेत क्लोरीन बनवतात त्याची अभिक्रिया शब्दांत अशी:

१ मँगनीज डायऑक्साइड + ४ हायड्रोक्लोरिक आम्ल → १ मँगनीज क्लोराइड + १ क्लोरीन + २ पाणी

८.७ ग्रॅम शुद्ध मँगनीज डायऑक्साइड घेतलं तर आम्ल किती लागेल आणि क्लोरीन किती मिळेल? चुकीचा रस्ता: ८.७ × ४ = ३४.८ ग्रॅम आम्ल. बरोबर रस्ता: मँगनीज डायऑक्साइडचं मोलर वस्तुमान ५५ + ३२ = ८७, म्हणून ०.१ मोल मँगनीज डायऑक्साइड. समीकरणानुसार त्याला ०.४ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल, ०.४ × ३६.५ = १४.६ ग्रॅम. क्लोरीन ०.१ मोल, म्हणजे ७.१ ग्रॅम.

आता एक पडताळा, जो परीक्षेत अर्ध्या मिनिटात होतो. डावीकडे ८.७ + १४.६ = २३.३ ग्रॅम. उजवीकडे मँगनीज क्लोराइड ०.१ × १२६ = १२.६, क्लोरीन ७.१, पाणी ०.२ × १८ = ३.६, बेरीज २३.३. जुळलं. मोलची बेरीज दोन्ही बाजूंना सारखी असेलच असं नाही (इथे डावीकडे ०.५, उजवीकडे ०.४), पण ग्रॅमची जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर बहुधा समीकरण संतुलित नाही किंवा एखादं रेणुवस्तुमान चुकलंय.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात हे आम्ल संहत असावं लागतं. अभिक्रिया पुढे सरकते तसं ते विरल होत जातं आणि क्लोरीन निघणं मंदावतं, थांबतंही. त्यामुळे नेमकं १४.६ ग्रॅम घेऊन पूर्ण ७.१ ग्रॅम क्लोरीन मिळत नाही. आम्ल जास्तीचं घ्यावं लागतं. क्लोरीन विषारी आहे, तेव्हा प्रयोग शिक्षकांसमोर, धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच.

मग त्रैराशिकाचं काय? आपल्याकडे सातवी-आठवीपासून मुलांचा हात त्रैराशिकावर बसलेला असतो, आणि ते टाकून द्यायची गरज नाही. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट तापवलं की ५६ ग्रॅम कळीचा चुना मिळतो, तर २५० ग्रॅमपासून १४० ग्रॅम. उत्तर अगदी बरोबर, मोलचं नावही घ्यावं लागलं नाही. पण त्या १०० आणि ५६ मध्ये मोल लपलेलाच आहे, आणि गुणोत्तर १ला १ आहे म्हणून तो लपून राहू शकतो. गुणोत्तर १ला ४ झालं, किंवा दोन पदार्थांची वस्तुमानं एकदमच दिली, की त्रैराशिक कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. तेव्हा त्रैराशिक वापरायचं तर मोलवर वापरा: १ मोलला ४ मोल, तर ०.१ मोलला किती?

दोन्ही पदार्थ दिले असतील तर

एका पदार्थाचं वस्तुमान दिलं तर गणित सरळ. दोघांचं दिलं, तर आधी संपणारा कोण हे शोधावं लागतं. त्याला मर्यादक अभिक्रियाकारक म्हणतात. उत्पादन किती मिळणार ते तोच ठरवतो, उरलेला कितीही असो.

५६ ग्रॅम नायट्रोजन आणि ९ ग्रॅम हायड्रोजन. अभिक्रिया पूर्ण होते असं धरून अमोनिया किती? समीकरण: १ नायट्रोजन + ३ हायड्रोजन → २ अमोनिया.

नायट्रोजन रेणू ५६ ÷ २८ = २ मोल. हायड्रोजन रेणू ९ ÷ २ = ४.५ मोल. इथे दोन सापळे आहेत. ग्रॅम पाहिले तर हायड्रोजन कमी, म्हणून तो मर्यादक असं म्हणणारे नशिबाने बरोबर येतात. मोल पाहिले तर नायट्रोजन कमी, म्हणून नायट्रोजन मर्यादक असं म्हणणारे चुकतात. दोन्ही कारणं चुकीची. प्रत्येकाच्या मोलला त्याच्या समीकरणातल्या आकड्याने भागा: नायट्रोजन २ ÷ १ = २; हायड्रोजन ४.५ ÷ ३ = १.५. ज्याचा भागाकार लहान तो आधी संपतो. हायड्रोजन. हा १.५ फार उपयोगी आहे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच निघतं: अमोनिया २ × १.५ = ३ मोल, म्हणजे ५१ ग्रॅम; नायट्रोजन वापरला १.५ मोल, उरला ०.५ मोल, म्हणजे १४ ग्रॅम. पडताळा: ५१ + १४ = ६५, आणि सुरुवातीला ५६ + ९ = ६५.

हीच गोष्ट काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागेत दरवर्षी होते, फक्त तिथे कोणी तिला मर्यादक अभिक्रियाकारक म्हणत नाही. डिंक्या रोगावर संत्र्याला बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक वापरतात. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. वजनं सारखी, पण मोल?

मोरचूद १००० ÷ २४९.५ = सुमारे ४ मोल. कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, शुद्ध धरला तर १००० ÷ ५६ = सुमारे १७.९ मोल. चुना पाण्यात विरून कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतो आणि सोप्या रूपात अभिक्रिया अशी धरता येते: १ कॉपर सल्फेट + १ कॅल्शियम हायड्रॉक्साइड → १ कॉपर हायड्रॉक्साइड + १ कॅल्शियम सल्फेट. (प्रत्यक्षात निळ्या साक्यात तांब्याचे सल्फेटयुक्त क्षारही असतात, पण हिशोबाला एवढं पुरतं.) गुणोत्तर १ला १, म्हणजे चुना चौपटीहून जास्त. मर्यादक मोरचूद.

आणि तो मर्यादक असायलाच हवा. मोकळं विरघळलेलं तांबं उरलं, तर पानं करपतात. बाजारातल्या चुन्यात खडे असतात, जुन्या चुन्याचा काही भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कार्बोनेट झालेला असतो, तेव्हा कागदावरचे १७.९ मोल बादलीत नसतातच. म्हणून शेतकरी मिश्रणात लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं बुडवून पाहतात. त्यावर तांबूस थर चढला, तर तांबं मोकळं आहे, चुना कमी पडलाय. आणखी चुन्याची निवळी घालायची. लोखंडाने तांब्याला द्रावणातून बाहेर काढलं, हीच ती शाळेतली विस्थापन अभिक्रिया. मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये असं सांगतात तेही याचसाठी.

याच हिशोबातून आणखी एक आकडा मिळतो. एक किलो मोरचुदात तांबं एक किलो नसतं, ६३.५ ÷ २४९.५, म्हणजे सुमारे २५.५ टक्के, जेमतेम पाव किलो. शतमान संघटनाचं गणित म्हणतात ते हेच.

२२.४ कुठे चालतं, कुठे नाही

प्रमाण तापमान-दाबाला, म्हणजे ० अंश सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरला, कोणत्याही आदर्श वायूचा एक मोल २२.४ लिटर जागा घेतो. १९८२ पासून आंतरराष्ट्रीय शिफारशीत दाब १ बार धरलाय, तेव्हा आकडा २२.७ होतो. पुस्तकं दोन्ही प्रकारची आहेत. प्रश्नात दाब दिला असेल तर तो पाहा, नसेल तर आपल्या पाठ्यपुस्तकात जो आकडा आहे तो घ्या, आणि उत्तरात तो कोणता घेतला ते लिहा.

नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशाला हा आकडा अजिबात चालणार नाही. दाब १ अ‍ॅटमॉस्फिअरच धरला तरी, तापमान केल्व्हिनमध्ये (सेल्सिअस अधिक २७३) घेऊन, २२.४ × ३१८ ÷ २७३ = सुमारे २६.१ लिटर. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, त्यामुळे दाब किंचित कमी आणि आकारमान आणखी थोडं जास्त. सेल्सिअसमध्ये भागाकार करून काय होतं तेही एकदा करून पाहा: ४५ ला ० ने भागावं लागेल. केल्व्हिनशिवाय गत्यंतर नाही.

२२.४ फक्त वायूला. १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल पाणी, पण ते साध्या तापमानाला १८ मिलिलिटरच असतं. प्रश्नात ‘पाणी’ आहे की ‘वाफ’, इथे लक्ष. संतुलित समीकरणाच्या गणितात उत्पादित पाण्याचे लिटर काढण्यासाठी २२.४ वापरलेलं दरवर्षी दिसतं.

द्रावणं

मोलारिटी म्हणजे एक लिटर द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे मोल. एक लिटर द्रावणात, एक लिटर पाण्यात नव्हे. पदार्थ आधी थोड्या पाण्यात विरघळवायचा, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतायचा, बीकर धुऊन ते पाणीही त्यातच, आणि मग खुणेपर्यंत पाणी.

२५० मिलिलिटर, ०.१ मोलार ऑक्झॅलिक आम्ल हवं. मोल ०.१ × ०.२५ = ०.०२५. स्फटिकी ऑक्झॅलिक आम्लात दोन पाणी असतं, मोलर वस्तुमान १२६, म्हणून ३.१५ ग्रॅम. ते दोन पाणी विसरलं तर ९० धरून २.२५ ग्रॅम घेतले जातात, द्रावण ०.०७१ मोलारचं बनतं आणि पुढचं अख्खं टायट्रेशन, म्हणजे या द्रावणाने दुसऱ्या द्रावणाची संहती मोजणं, चुकतं. ब्युरेट कितीही नीट वाचली तरी.

तेवढ्याच सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणासाठी हिशोबाने १ ग्रॅम लागतो, पण त्याच्या गोळ्या हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात. विदर्भाच्या पावसाळ्यात बाटली उघडी राहिली तर वजन करता करताच त्या ओल्या होतात. तागडीवरचा १ ग्रॅम सगळा सोडियम हायड्रॉक्साइड नसतो. म्हणूनच त्याची खरी संहती ऑक्झॅलिक आम्लाशी टायट्रेशन करून ठरवतात.

टायट्रेशनमध्ये ‘मोलारिटी गुणिले आकारमान दोन्हीकडे सारखं’ हे सूत्र आंधळेपणाने लावू नये. ते १ला १ गुणोत्तरालाच खरं. ऑक्झॅलिक आम्लाच्या एका मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल लागतात. दोन्ही द्रावणं ०.१ मोलार असतील, तर १० मिलिलिटर आम्लाला २० मिलिलिटर अल्कली.

शुद्धता आधी, उतारा शेवटी

कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत जळणारा कोळसा म्हणजे शुद्ध कार्बन नाही. त्यात राख आणि ओलावा असतो. समजा, गणितात १ टन कोळशात कार्बन ४० टक्के दिला आहे. आधी ४०० किलो कार्बन काढा, मग मोल: ४,००,००० ÷ १२ = सुमारे ३३,३३३ मोल कार्बन. तेवढेच मोल कार्बन डायऑक्साइड. गुणिले ४४, सुमारे १,४६७ किलो. जळालं त्यापेक्षा निघालं जास्त, म्हणून उत्तर खोडू नका. बाकीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं आहे.

उतारा, म्हणजे हिशोबाच्या किती टक्के उत्पादन प्रत्यक्ष मिळालं ते, शेवटी लावायचा. हिशोबाने ५१ ग्रॅम आणि उतारा ८० टक्के, तर हाती ४०.८ ग्रॅम. उलट विचारलं, की हाती ५१ ग्रॅम हवेत, तर हिशोब किती ग्रॅमचा करायचा? ५१ ÷ ०.८ = ६३.७५. इथे ५१ मध्ये २० टक्के मिळवून ६१.२ लिहिणारे पुष्कळ. त्या ६१.२ चे ८० टक्के काढून पाहा, ४९ च्या आसपासच येतात.

घातांकांबद्दल एवढंच: डोळ्यांना दिसेल एवढ्या पदार्थात कण प्रचंड असणार, आणि एका कणाचं वस्तुमान अतिसूक्ष्म. पाण्याच्या एका रेणूचं वस्तुमान १८ ÷ (६.०२२ × १०²³), म्हणजे सुमारे ३ × १०⁻²³ ग्रॅम. रेणूंची संख्या १०⁻²⁵ आली, तर गुणायच्या ठिकाणी भागलंय.

एक पूर्ण गणित

८० टक्के शुद्ध संगमरवराचे २५ ग्रॅम तुकडे, त्यात २०० मिलिलिटर १ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल. अशुद्ध भाग आम्लात विरघळत नाही. प्रमाण तापमान-दाबाला (१ अ‍ॅटमॉस्फिअर) कार्बन डायऑक्साइड किती, आणि तळाशी किती ग्रॅम घन उरेल?

समीकरण: १ कॅल्शियम कार्बोनेट + २ हायड्रोक्लोरिक आम्ल → १ कॅल्शियम क्लोराइड + १ कार्बन डायऑक्साइड + १ पाणी.

शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट २५ × ०.८ = २० ग्रॅम; १०० ने भागून ०.२ मोल कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल १ × ०.२ लिटर = ०.२ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल. मोल सारखे, पण समीकरणातल्या आकड्यांनी भागा: ०.२ ÷ १ = ०.२ आणि ०.२ ÷ २ = ०.१. आम्ल आधी संपतं. कार्बन डायऑक्साइड ०.१ मोल, म्हणजे २.२४ लिटर, मे महिन्यातल्या नागपुरात मोजलं तर सुमारे २.६ लिटर.

कॅल्शियम कार्बोनेट वापरलं ०.१ मोल, उरलं ०.१ मोल, म्हणजे १० ग्रॅम. तळाशी मात्र १० नाही, १५ ग्रॅम उरतील. सुरुवातीला बाजूला काढलेला ५ ग्रॅमचा अशुद्ध भाग अभिक्रियेत शिरलाच नव्हता, तो चंचूपात्रातच आहे.